सोशल वेब आणि प्रकाशक : वाचकाशी असलेले नाते कोणाच्या हाती राहते

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मध्यम आकाराच्या प्रकाशनसंस्थेकडे काही वर्षांपूर्वी निम्म्याहून अधिक वाचक समाजमाध्यमांवरील लिंकवरून येत असत आणि तो ओघ आता आटला आहे. अशा वेळी तिने प्रत्येक नव्या समाजमाध्यमावर पुन्हा जोमाने उतरावे, संकेतस्थळ दुय्यम मानून सगळा मजकूर थेट समाजमाध्यमांवरच द्यावा, की या सगळ्यातून अंग काढून घ्यावे? शिवाय, एका कंपनीच्या ताब्यात नसलेल्या नव्या, खुल्या समाजमाध्यमांचे काय करावे, असेही विचारले आहे. संपादकीय विभाग आणि वाचकसंपर्क विभाग या दोहोंच्या मध्ये मी दीर्घकाळ काम केले आहे आणि त्या अनुभवावरून मला असे वाटते, की या तिन्ही पर्यायांमागे एकच गृहीतक आहे व आधी तेच तपासले पाहिजे. तिन्ही पर्याय सोशल वेबकडे, म्हणजे समाजमाध्यमांच्या जाळ्याकडे, मजकूर वाटण्याची एक स्वस्त व्यवस्था म्हणून पाहतात. प्रत्यक्षात सोशल वेबने दोन गोष्टी बदलल्या. वाचकासमोर कोणता लेख यायचा हे ठरवण्याचा अधिकार संपादकाकडून निसटला, ही पहिली. वाचकाला उत्तर देण्याची, चूक दाखवण्याची आणि स्वतःभोवती माणसे जमवण्याची सोय मिळाली, ही दुसरी. पहिल्या बदलामागे प्रकाशकांनी अतोनात पैसा आणि मनुष्यबळ खर्च केले, तर दुसऱ्या बदलाकडे बहुतेकांनी पाठ फिरवली. नव्या परिस्थितीशी टिकाऊपणे जुळवून घेणे मात्र याच दुसऱ्या बदलापासून सुरू होते, असे माझे ठाम मत आहे.

पहिल्या बदलाचा इतिहास माहीत असल्याशिवाय आजचे निर्णय नीट घेता येत नाहीत, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो. फेसबुकने २००६ मध्ये मित्रांच्या नोंदी एकाखाली एक दाखवणारी न्यूज फीड सुरू केली आणि एप्रिल २०१० मध्ये लाइकचे बटण इतर संकेतस्थळांना वापरायला दिले. त्यानंतरच्या काही वर्षांत वाचक मुखपृष्ठावरून आत येण्याऐवजी मित्राने पाठवलेल्या लिंकवरून थेट एखाद्या लेखावर उतरू लागला. न्यूयॉर्क टाइम्सचा जो अंतर्गत अहवाल मे २०१४ मध्ये बाहेर फुटला, त्यात संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर येणाऱ्या वाचकांची संख्या २०११ मधील १६ कोटींवरून २०१३ मध्ये ८ कोटींवर आल्याचे नोंदवले होते. मजकूर चांगला असूनही दरवाजा बदलला होता, आणि नव्या दरवाजाची किल्ली संपादकाकडे नव्हती. २०१५ च्या मध्यावर पार्सली या विश्लेषण कंपनीच्या ग्राहक-संकेतस्थळांवर फेसबुककडून येणाऱ्या वाचकांचे प्रमाण गुगलकडून येणाऱ्यांपेक्षा जास्त झाले, तेव्हा अनेक संस्थांनी आपले पुढील वर्षाचे अंदाजपत्रकच त्या ओघावर आधारले.

धोक्याची पहिली सूचना त्याआधीच मिळालेली होती. सप्टेंबर २०११ मध्ये गार्डियन आणि वॉशिंग्टन पोस्ट यांनी फेसबुकच्या आत चालणारी वाचन-ॲप काढली. त्यांत सभासदाने एखादा लेख उघडला, की ती नोंद त्याच्या मित्रांना आपोआप दिसत असे. काही महिन्यांत लाखो लोक आले, फेसबुकने त्या नोंदी दाखवण्याची पद्धत बदलताच ते तितक्याच वेगाने नाहीसे झाले, आणि २०१२ अखेर दोन्ही ॲप गुंडाळली गेली. मे २०१५ मध्ये फेसबुकने इन्स्टंट आर्टिकल्स आणले. लेख फेसबुकच्याच आत झटकन उघडावेत, अशी त्यामागची योजना होती. न्यूयॉर्क टाइम्स, गार्डियन, बीबीसी, नॅशनल जिओग्राफिक, बझफीड असे नऊ प्रकाशक तिच्या पहिल्या तुकडीत होते. त्यांतील टाइम्स आणि गार्डियन २०१७ पर्यंत बाहेर पडले आणि एप्रिल २०२३ मध्ये फेसबुकने ती सोयच बंद केली. २०१६ मध्ये थेट प्रक्षेपणाला चालना देण्यासाठी फेसबुकने सुमारे १४० माध्यमसंस्था आणि नामवंत व्यक्तींशी एकूण ५ कोटी डॉलरहून अधिक रकमेचे करार केले. ते करार संपले तशी थेट प्रक्षेपणासाठी उभारलेली पथकेही अनेक ठिकाणी विखुरली.

व्हिडिओचे प्रकरण यांत सर्वांत महाग पडले. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकने मान्य केले, की व्हिडिओ पाहण्याच्या सरासरी वेळेचा त्यांचा आकडा दोन वर्षे फुगलेला होता. तीन सेकंदांपेक्षा कमी वेळ पाहिलेले व्हिडिओ त्या सरासरीतून वगळले गेले होते आणि त्यामुळे आकडा ६० ते ८० टक्क्यांपर्यंत वाढलेला असू शकत होता. जाहिरातदारांनी केलेला दावा २०१९ मध्ये ४ कोटी डॉलरवर मिटला. त्या काळात अनेक संपादकीय विभागांनी लिहिणारी माणसे कमी करून व्हिडिओची पथके वाढवली होती. वाचकांना खरोखर किती व्हिडिओ हवे होते हे स्वतःच्या मोजणीतून पडताळण्याचे साधन बहुतेकांकडे नव्हते, कारण मोजपट्टी आणि बाजार दोन्ही एकाच कंपनीच्या ताब्यात होते. या प्रकरणातून मी काढलेला नियम असा, की ज्या आकड्याची फेरतपासणी आपल्याला स्वतः करता येत नाही, त्या आकड्याच्या भरवशावर माणसे नेमू नयेत आणि काढूही नयेत.

जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने फीडमध्ये मित्र आणि कुटुंबीयांच्या मजकुराला प्राधान्य देण्याचे जाहीर केले आणि बातम्यांचा वाटा ५ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर येईल असे सांगितले. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण सरासरीतला एक टक्का सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. लिटल थिंग्ज हे जवळजवळ पूर्णपणे फेसबुकवर वाढलेले प्रकाशन, पैसे न मोजता मिळणारा आपला वाचकांचा ओघ तीन चतुर्थांशाने घटल्याचे सांगून, पुढच्याच महिन्यात बंद झाले. बझफीड न्यूजने २०२१ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळवले आणि एप्रिल २०२३ मध्ये ते बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. समाजमाध्यमांसाठी घडवलेल्या विनामूल्य पत्रकारितेला लागणारे वितरण आणि पैसा मोठ्या कंपन्या पुरवणार नाहीत, हे स्वीकारायला आपल्याला उशीर झाला, असे बझफीडचे प्रमुख जोना पेरेटी यांनी त्या वेळी कर्मचाऱ्यांना लिहिले. उत्तम पत्रकारिता केली की वितरण आपोआप होईल, असे मानणाऱ्यांनी या उदाहरणाचा शांतपणे विचार करावा.

या घटनांमध्ये कोणाचा दुष्टपणा शोधण्यापेक्षा हितसंबंध पाहावेत. समाजमाध्यम कंपनीला माणूस आपल्या आत थांबायला हवा असतो, आणि प्रकाशकाची लिंक त्याला बाहेर नेते. हा विरोध मूळचाच आहे आणि कोणत्याही भागीदारीच्या करारामुळे तो नाहीसा होत नाही. सरकारने कायदा करून बातम्यांचा मोबदला मिळवून द्यावा, या मार्गाचे अनुभवही संमिश्र आहेत. ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी २०२१ मध्ये तसा कायदा मंजूर होण्याच्या बेतात असताना फेसबुकने काही दिवस सगळ्या बातम्या बंद केल्या आणि नंतर वाटाघाटींतून करार झाले. कॅनडात जून २०२३ मध्ये कायदा झाल्यावर फेसबुकची मालक कंपनी मेटाने ऑगस्टपासून फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर बातम्या दाखवणेच थांबवले, तर गुगलने वर्षाला १० कोटी कॅनेडियन डॉलर देण्याचे मान्य केले. मोबदला मागणे रास्त आहे, परंतु तो मिळेल असे गृहीत धरून अंदाजपत्रक आखणे रास्त नाही.

मग बाहेरच पडावे का? एनपीआर या अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओ संस्थेने एप्रिल २०२३ मध्ये ट्विटरवर लिहिणे थांबवले. आपल्या खात्यावर सरकारशी संलग्न माध्यम असा शिक्का मारला गेल्याचा तो निषेध होता. नंतरच्या महिन्यांत दिसून आले, की त्यांच्या संकेतस्थळाच्या वाचकसंख्येत नगण्य घट झाली, कारण मुळातच दोन टक्क्यांहून कमी वाचक तेथून येत होते. हा निष्कर्ष प्रत्येक संस्थेला लागू होईल असे नाही. तरीही कोणत्याही खात्यावर माणूसबळ खर्च करण्यापूर्वी तेथून प्रत्यक्षात काय येते हे पाहण्याची सवय त्यातून लागावी. कोलंबिया विद्यापीठ आणि फ्रान्सची इनरिया संस्था यांच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले, की ट्विटरवर शेअर झालेल्या ज्या लिंक त्यांनी तपासल्या, त्यांतील ५९ टक्के लिंकवर एकदाही क्लिक झालेली नव्हती. शेअर करणे ही बऱ्याचदा स्वतःबद्दल काही सांगण्याची कृती असते आणि वाचनाशी तिचा संबंध असेलच असे नाही. म्हणून शेअरचा आकडा संपादकीय बैठकीत यशाचा पुरावा म्हणून मांडला जाऊ नये.

माझ्या अनुभवात समाजमाध्यमे दोन कामांसाठी खरोखर उपयोगी पडतात. आपले नाव कधीही न ऐकलेल्या माणसाला आपले काम दिसणे, हे एक. घटनास्थळी असलेल्या, विषयाची प्रत्यक्ष माहिती असलेल्या लोकांपर्यंत बातमीदाराने पोहोचणे, हे दुसरे. पहिल्या कामासाठी प्रत्येक माध्यमाच्या स्वभावाला साजेसा स्वतंत्र मजकूर घडवावा लागतो. छापील मथळा आणि लिंक सगळीकडे एकसारखी चिकटवणे म्हणजे श्रम वाया घालवणे होय. वॉशिंग्टन पोस्टने २०१९ मध्ये टिकटॉकवर खाते उघडले तेव्हा डेव्ह जॉर्गेन्सन या निर्मात्याने तेथील छोट्या विनोदी नाट्यप्रवेशांची भाषा आत्मसात केली आणि त्या भाषेत बातमी सांगितली. गंभीर वृत्तपत्राला हे शोभते का, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला, पण एरवी त्या वृत्तपत्राच्या वाटेला न जाणाऱ्या वयोगटाला त्याचे नाव परिचित झाले. त्याच उदाहरणाची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. २०२५ मध्ये जॉर्गेन्सन यांनी स्वतःचा उपक्रम सुरू करण्यासाठी पोस्ट सोडले. अशा माध्यमांत प्रेक्षकाचे नाते चेहऱ्याशी जडते, संस्थेच्या नावाशी ते फार थोडे जडते. त्यामुळे पत्रकाराच्या नावाने वाढलेल्या खात्यांचे पुढे काय व्हायचे, उत्पन्नात त्याचा वाटा किती, आणि बाहेर पडताना कोणते खाते कोणाकडे राहील, हे नेमणुकीच्या वेळीच लेखी ठरवणे दोन्ही पक्षांच्या हिताचे असते. माझे स्वतःचे मत पत्रकाराच्या बाजूने झुकते. व्यक्तिगत नावाचे खाते त्याचेच राहावे, आणि संस्थेने आपले नाते त्या खात्यावर न ठेवता दुसरीकडे बांधावे.

ते दुसरे ठिकाण म्हणजे जिथे वाचकाचा पत्ता आपल्याकडे असतो आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी कोणत्याही मध्यस्थाच्या क्रमवारीची परवानगी लागत नाही. आजही या कसोटीला सर्वांत चांगले उतरते ते ईमेलवरचे वार्तापत्र. समाजमाध्यमांवरून आलेल्या वाचकाला लेखाच्या शेवटी, त्याच विषयाच्या वार्तापत्राचे निमंत्रण द्यावे. सर्वसाधारण वार्तापत्रापेक्षा विषयनिष्ठ वार्तापत्राला लोक पत्ता देण्याची शक्यता बरीच जास्त असते, आणि लेख उघडताच पडदा झाकणारी चौकट तर वाचकाला हुसकावूनच लावते. वार्तापत्र एखाद्या व्यक्तीने, तिच्या नावाने आणि तिच्या आवाजात लिहिलेले असावे. त्याला दिलेले उत्तर कोणीही न वाचणाऱ्या पत्त्यावर जाऊ नये. हे लहानसे पथ्य मी सर्वांत महत्त्वाचे मानतो, कारण वार्तापत्राला आलेली उत्तरे ही वाचकसंवादाची सर्वांत सभ्य आणि सर्वांत उपयुक्त जागा ठरते. मोजणीबद्दल एक सावधगिरीची सूचना : सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आपल्या मेल ॲपमध्ये जी गोपनीयतेची सोय आणली, तिच्यामुळे न उघडलेले ईमेलही उघडल्यासारखे नोंदले जातात. त्यामुळे उघडण्याच्या प्रमाणावर विसंबू नये. क्लिक, उत्तरे आणि किती महिने वर्गणीदार टिकून राहतो, हे आकडे पाहावेत.

मेसेजिंग ॲपवरील प्रसाराला अनेक जण ईमेलच्या बरोबरीचे मानतात. तसे ते नाही. काही प्रकाशकांनी कष्टाने उभारलेल्या व्हॉट्सॲपवरील वार्तापत्रांना ७ डिसेंबर २०१९ पासून कंपनीच्या एका नियमाने पूर्णविराम मिळाला, कारण एकगठ्ठा संदेश पाठवणाऱ्यांवर कंपनीने कारवाईचा इशारा दिला होता. २०२३ मध्ये त्याच ॲपमध्ये चॅनेल आले आणि प्रकाशकांचे पुन्हा स्वागत झाले. चॅनेल चालवावे, त्यातून वाचक येतात. पण चॅनेलच्या अनुयायांची यादी प्रकाशकाला मिळत नाही आणि ती दुसरीकडे नेता येत नाही, हे ध्यानात ठेवून त्यावर किती श्रम घालायचे ते ठरवावे.

आता ज्या दुसऱ्या बदलाचा मी सुरुवातीला उल्लेख केला, त्याकडे येतो. वाचक बोलू लागला तेव्हा प्रकाशकांनी लेखांखाली प्रतिक्रियांची जागा दिली, आणि ती जागा जवळजवळ कोणाच्याही देखरेखीशिवाय सोडून दिली. परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाले. पॉप्युलर सायन्सने २०१३ मध्ये, रॉयटर्सने बातम्यांपुरत्या २०१४ मध्ये आणि एनपीआरने ऑगस्ट २०१६ मध्ये प्रतिक्रिया बंद केल्या. एनपीआरने त्या वेळी दिलेले आकडे बोलके आहेत : एका महिन्यात संकेतस्थळावर सुमारे ३ कोटी ३० लाख वाचक आले, ४ लाख ९१ हजार प्रतिक्रिया आल्या, आणि त्या लिहिणारे लोक होते फक्त १९,४००. म्हणजे वाचकांच्या नावाने जे ऐकू येत होते, तो वाचकांतील ०.०६ टक्क्यांचा आवाज होता. गार्डियनने २०१६ मध्ये आपल्याकडच्या ७ कोटी प्रतिक्रियांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. देखरेख करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी अडवलेल्या प्रतिक्रियांचे प्रमाण ज्या दहा लेखकांच्या वाट्याला सर्वाधिक आले, त्यांत आठ स्त्रिया आणि दोन कृष्णवर्णीय पुरुष होते, तर सर्वांत कमी त्रास झालेले दहाही लेखक पुरुष होते. मोकळी जागा सर्वांना सारखीच मोकळी नसते, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो.

तरीही प्रतिक्रिया बंद करून संवाद समाजमाध्यमांवर ढकलण्याचा जो निर्णय अनेकांनी घेतला, तो मला चुकीचा वाटतो. संवादाची जागा सोडली, की वाचकाचे ज्ञान, त्याची ओळख आणि परत येण्याची सवय या तिन्ही गोष्टी दुसऱ्याच्या हवाली होतात. शिवाय तिकडे गेल्याने त्रास कमी होत नाही. तो केवळ संस्थेच्या नजरेआड होतो आणि पत्रकाराला एकट्याने सोसावा लागतो. जागा आपल्याकडे ठेवून ती नीट चालवण्याचे मार्ग उपलब्ध आहेत. नॉर्वेच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या तंत्रज्ञानविषयक एनआरकेबीटा या विभागाने २०१७ मध्ये काही लेखांवर असा प्रयोग केला, की प्रतिक्रिया लिहिण्यापूर्वी लेखातल्या मजकुरावर आधारित तीन सोप्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत. त्यामुळे लेख न वाचता भांडणारा माणूस गाळला जातोच, पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो त्या प्रश्नांत जाणारा अर्धा मिनिट, कारण रागाने लिहायला बसलेल्या माणसाला तेवढा विराम पुरतो. मोझिला, न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्ट यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या आणि २०१९ पासून व्हॉक्स मीडियाकडे असलेल्या कोरल या प्रकल्पाने प्रतिक्रियांसाठी मुक्त स्रोत सॉफ्टवेअर तयार केले आहे, म्हणजे लहान संस्थेलाही साधनांची अडचण नाही.

साधनांपेक्षा पद्धत महत्त्वाची आहे. प्रत्येक लेखाखाली प्रतिक्रिया उघडू नयेत. जिथे वाचकांकडे सांगण्यासारखे काही आहे अशा लेखांपुरत्या, ठरावीक मुदतीसाठी त्या उघडाव्यात. शेवटी ‘आपले मत कळवा’ असे मोघम आवाहन करण्याऐवजी नेमका प्रश्न विचारावा. शाळाप्रवेशावरचा लेख असेल, तर अर्जाच्या कोणत्या टप्प्यावर अडथळा आला, असे विचारले की उत्तरांची जातच बदलते. पहिल्या काही तासांत लेखकाने स्वतः दोन-चार प्रतिक्रियांना उत्तर द्यावे, कारण लेखक उपस्थित आहे असे दिसले की लिहिणाऱ्यांचा सूर बदलतो, हे मी वेगवेगळ्या विषयांच्या पानांवर सातत्याने पाहिले आहे. चांगली प्रतिक्रिया वर आणावी आणि तिच्यातून पुढची बातमी निघाली तर त्या वाचकाच्या संमतीने त्याचा उल्लेख करावा. नियम थोडे, स्पष्ट आणि सर्वांना दिसतील असे असावेत, आणि ते लागू करणारी व्यक्ती पगारी असावी. हे काम प्रशिक्षणार्थीकडे किंवा केवळ यंत्राकडे सोपवणारी संस्था आपण वाचकाला काय मानतो तेच जाहीर करत असते.

वाचकाच्या ज्ञानाला संपादकीय प्रक्रियेत जागा देण्याचा सर्वांत विचारपूर्वक केलेला प्रयत्न म्हणून मी नेदरलँड्समधील डी करस्पॉन्डेंट या वृत्तसंकेतस्थळाकडे पाहतो. २०१३ मध्ये त्यांनी आठ दिवसांत लोकवर्गणीतून १० लाख युरोंहून अधिक रक्कम उभी केली आणि जाहिरातींशिवाय काम सुरू केले. तेथील बातमीदार आपण कोणत्या विषयावर काम करत आहोत हे आधीच सभासदांना सांगतात, त्या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्या सभासदांकडून माहिती मागवतात आणि चर्चेचे सूत्रसंचालन हा आपल्या नोकरीचा भाग समजतात. मात्र याच मंडळींनी २०१८ मध्ये २६ लाख डॉलर जमवून काढलेली इंग्रजी आवृत्ती सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि १ जानेवारी २०२१ रोजी बंद पडली. माझ्या वाचनानुसार, १३० देशांत विखुरलेल्या सभासदांना एकत्र बांधणारा असा समान विषय किंवा समान चिंता तिथे पुरेशी नव्हती. सभासदत्वाची योजना आखणाऱ्यांनी म्हणून आधी हे पाहावे, की आपल्या वाचकांना एकमेकांशी बोलण्याचे काही कारण आहे का. ते नसेल, तर सभासदत्वाऐवजी साधी वर्गणी घ्यावी, आणि त्यात कमीपणा काही नाही.

वर्गणीचा विषय निघाला म्हणून आणखी एक मुद्दा. न्यूयॉर्क टाइम्सने मार्च २०११ मध्ये वाचनमर्यादा घातली, तेव्हा महिन्याला २० लेख विनामूल्य ठेवले आणि समाजमाध्यमांवरील लिंकवरून आलेल्या वाचकाला ती मर्यादा संपल्यावरही लेख वाचता येईल अशी व्यवस्था केली. पुढे मर्यादा कडक होत गेल्या, पण मूळ विचार आजही उपयोगाचा आहे. वर्गणीदाराला आपल्या मित्राला लेख भेट म्हणून पाठवता आला पाहिजे. शिफारस करणारा वर्गणीदार हा कोणत्याही जाहिरातीपेक्षा विश्वासार्ह असतो, आणि त्याने पाठवलेल्या लिंकवर वर्गणीची भिंत दिसली तर दोघांचाही हिरमोड होतो.

पुस्तक प्रकाशकांची परिस्थिती थोडी वेगळी असल्याने त्यांच्याबद्दल थोडक्यात लिहितो. त्यांच्या वाचकांचे मेळावे प्रकाशकांच्या नियंत्रणाबाहेरच भरतात. कॉलीन हूवर यांची २०१६ मध्ये आलेली एक कादंबरी पाच वर्षांनंतर टिकटॉकवरील वाचकांच्या शिफारशींमुळे खपाच्या याद्यांत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. अशी लाट निर्माण करता येत नाही. जुन्या पुस्तकांच्या मागणीवर दररोज लक्ष ठेवणे, पुनर्मुद्रणाचा निर्णय काही दिवसांत घेता येईल अशी तयारी ठेवणे, आणि वाचकांच्या चर्चेत जाहिरातीचा सूर घेऊन न शिरणे, एवढे मात्र करता येते. पुस्तक विभागांतील तिसरी गोष्ट मला सर्वांत कमी वेळा पाळलेली दिसली आहे.

संस्थेच्या आत काय बदलावे, याचे उत्तर मी एका खुर्चीपासून देईन. वाचकसंपर्क पाहणाऱ्या संपादकाची खुर्ची सकाळच्या संपादकीय बैठकीत असली पाहिजे. लेख तयार झाल्यावर ‘हे शेअर करा’ असे सांगण्यासाठी ज्याला बोलावले जाते, तो माणूस फार तर मथळा सुधारू शकतो. लेखाची आखणी होताना तो हजर असेल, तर वाचक काय विचारत आहेत, कोणत्या अफवेला उत्तर हवे आहे आणि कोणत्या विषयावर माहिती देणारे लोक आपल्या यादीत आहेत, हे तो सांगू शकतो. दुरुस्त्यांचीही एक शिस्त हवी. चुकीची माहिती ज्या समाजमाध्यमावर पसरली, तिथेच मूळ पोस्टला जोडून दुरुस्ती द्यावी. पोस्ट गुपचूप काढून टाकू नये, कारण तिचे स्क्रीनशॉट आधीच फिरत असतात आणि मग लपवाछपवीचा आरोप मूळ चुकीपेक्षा जड ठरतो. पत्रकारांवर होणाऱ्या संघटित शिवीगाळीसाठी लेखी कार्यपद्धती असावी. त्या दिवशी खाते दुसऱ्या सहकाऱ्याने सांभाळणे, धमक्यांची नोंद ठेवणे, कायदेशीर मदत कोण देणार ते ठरलेले असणे, या गोष्टी प्रसंग ओढवण्यापूर्वीच व्हायला हव्यात. समाजमाध्यमांवर उपस्थित राहा असे सांगणाऱ्या संस्थेवर ही जबाबदारी येतेच.

विचारणाऱ्याने शेवटी नव्या, खुल्या समाजमाध्यमांबद्दल विचारले आहे. ॲक्टिव्हिटीपब हा प्रोटोकॉल, म्हणजे वेगवेगळ्या समाजमाध्यमांना एकमेकांशी संदेशांची देवाणघेवाण करता यावी यासाठीची सामाईक नियमावली, जानेवारी २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या मानकसंस्थेने अधिकृत शिफारस म्हणून प्रसिद्ध केला. मॅस्टोडॉन हे समाजमाध्यम त्यावर चालते आणि मेटाच्या थ्रेड्सने त्याला अंशतः जागा दिली आहे. बीबीसीने २०२३ च्या उन्हाळ्यात स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे स्वतःच्या नावाच्या वेबपत्त्यावर, मॅस्टोडॉनचा सर्व्हर प्रयोग म्हणून सुरू केला. त्यामुळे तिथले खाते बीबीसीचेच आहे हे पत्त्यावरूनच सिद्ध झाले आणि तिथल्या मजकुराचे नियमन संस्थेच्या हाती राहिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वांसाठी खुले झालेल्या ब्लूस्काय या समाजमाध्यमात संस्थेला आपले डोमेन हेच खात्याचे नाव म्हणून वापरता येते. या जागांवरील वाचकसंख्या मोठ्या समाजमाध्यमांच्या तुलनेत अजून लहान आहे आणि त्यांतून तातडीने उत्पन्न येईल असे मी कोणालाही सांगणार नाही. तरीही अनुयायांचे नाते एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्याची सोय ज्या रचनेतच आहे, तिच्याकडे प्रकाशकाने लक्ष दिलेच पाहिजे. मध्यम आकाराच्या संस्थेने सध्या एवढे करावे : आपल्या डोमेनच्या नावाने खाती उघडावीत, बातमीदारांना त्याच डोमेनखाली नावे द्यावीत, नवे लेख वाचकाच्या वाचन-ॲपपर्यंत आपोआप पोहोचवणारी आरएसएस फीड बंद पडली असल्यास पुन्हा चालू करावी, आणि आठवड्यातले काही तास तिथल्या चर्चांना उत्तरे देण्यासाठी एका अनुभवी सहकाऱ्याकडे सोपवावेत. सहा महिन्यांनी तिथून किती लोक वार्तापत्रात आले आणि किती जणांनी बातमीला उपयोगी पडेल अशी माहिती दिली, हे दोन आकडे तपासावेत आणि त्यावरून वेळ वाढवायचा की कमी करायचा ते ठरवावे.